‘मनावर घेत नाहीत’ : पार्किन्सन आणि मेंदूतला निळा ठिपका



मागच्या व्याख्यानात आपण ‘इच्छा’ या एका शब्दाभोवती तास-दीड तास घालवला. व्याख्यान संपलं, खुर्च्या उचलायला सुरुवात झाली, तेव्हा एक बाई आमच्यापाशी येऊन थांबल्या. त्यांच्या यजमानांना सात वर्षांपासून पार्किन्सन आहे. म्हणाल्या, “सर, औषधं वेळेवर चालू आहेत. हात पूर्वीपेक्षा कमी थरथरतो, चालताही बरं येतं. पण दिवसभर खुर्चीत बसून असतात. पेपरसुद्धा उघडत नाहीत. मनावरच घेत नाहीत हो. यांची इच्छा कुठं गेली, तेवढं सांगा.”

आम्हाला त्या वेळी उत्तर देता आलं नाही. आजचं व्याख्यान म्हणजे त्या बाईंना दिलेलं उशिराचं उत्तर आहे.

आधीच एक खुलासा करून टाकू. आमच्या नावामागे ‘डॉक्टर’ लागतं ते तत्त्वज्ञानाचं. गोळी कोणती घ्यावी हे आम्हाला विचारू नका. पण ‘मनावर घेणं’ म्हणजे काय, हा प्रश्न आमच्या अंगणातला आहे. आणि त्याचं उत्तर शोधताना मेंदूच्या अभ्यासकांचं बोट धरावं लागतं, हे आम्ही जरा उशिरा शिकलो.

का शिकलो, तेही सांगतो. आमच्याबरोबर तर्कशास्त्र शिकवणारे एक ज्येष्ठ स्नेही होते. निवृत्तीनंतर त्यांना पार्किन्सन झाला. एकदा भेटायला गेलो तर टेबलावर पुस्तक उघडं, पान तेच, आणि हे खिडकीकडे तोंड करून बसलेले. आम्ही मोठ्या उमेदीनं म्हणालो, “अहो, जरा मनावर घ्या. तुमच्यासारख्यानं असं बसून कसं चालेल?” ते बराच वेळ गप्प राहिले. मग सावकाश म्हणाले, “घेतो ना मनावर. पण घेतलेलं पुढं सरकत नाही.” आम्हाला वाटलं, तर्कशास्त्रज्ञाचा विनोद आहे. तो विनोद नव्हता. ते त्यांच्या अवस्थेचं काटेकोर वर्णन होतं.

आता मूळ विषयाकडे येऊ.

पार्किन्सन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर थरथरणारा हात येतो. आपल्याकडचं जुनं नावही कंपवात. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर एक छोटा निबंध लिहिला, तो सहा रुग्णांवर आधारलेला होता. त्यांतले काही तर त्यांनी नुसते रस्त्यात पाहिले होते. कंप, पुढं झुकलेली चाल, स्नायूंची घटलेली ताकद हे सगळं त्यांनी टिपलं. झोपमोड आणि बद्धकोष्ठही टिपलं. पण बुद्धी आणि संवेदना शाबूत राहतात, असंही त्यांनी नमूद केलं. म्हणजे आजार हालचालीचा, माणूस आतून होता तसाच. हे चित्र पुढं शंभर-दीडशे वर्षं टिकलं.

१९१९ मध्ये पॅरिसला त्रेत्याकॉफ यांनी आपल्या प्रबंधात दाखवलं की या रुग्णांच्या मेंदूतलं ‘काळं द्रव्य’, म्हणजे सबस्टॅन्शिया नायग्रा, फिकं पडलेलं असतं. तिथल्या काळ्या पेशी मेलेल्या असतात. १९६० साली व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्निकीविच यांनी मृत रुग्णांचे मेंदू तपासले आणि त्यांत डोपामीन हे संदेशवाहक रसायन फार घटलेलं आहे, हे सिद्ध केलं. पुढच्याच वर्षी लेव्होडोपाची सुई रुग्णांना टोचून पाहिली, आणि अंथरुणाला खिळलेली माणसं काही तासांपुरती उठून चालली. वैद्यकाच्या इतिहासात असे क्षण थोडे. आज घरोघरी डबीत असलेल्या गोळ्या त्याच शोधाच्या वंशातल्या आहेत.

पण एक गंमत पाहा. व्हिएन्नाच्या त्या १९६० च्या निबंधाच्या शीर्षकात दोन रसायनांची नावं होती, नॉरॲड्रेनलिन आणि डोपामीन. नॉरॲड्रेनलिनचं नाव आधी होतं! तेही घटलेलं सापडलं होतं, मात्र डोपामीनइतकं नाही. डोपामीनवर औषध निघालं, ते लागू पडलं, आणि सगळ्यांची नजर तिकडं वळली. दुसरं नाव मागं राहिलं. आज आपण त्या मागं राहिलेल्या नावाबद्दल बोलतोय.

मेंदू जिथं खाली निमुळता होत मणक्यातल्या मज्जारज्जूला मिळतो, त्या भागाला मस्तिष्कस्तंभ म्हणतात. आपण त्याला मेंदूचा देठ म्हणू. या देठाच्या मधल्या भागात, मागच्या बाजूला, उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा पेशींच्या दोन बारीक पट्ट्या आहेत. लांबी जेमतेम दीड सेंटीमीटर, जाडी दोन-अडीच मिलिमीटर. मेंदू कापून पाहिला तर तिथं निळसर झाक दिसते. फ्रेंच शरीररचनाशास्त्रज्ञ विक दाझीर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ती पाहिली. पुढं तिला लॅटिन नाव मिळालं, लोकस सेरुलियस. अर्थ सरळ आहे : निळी जागा. आपण निळा ठिपका म्हणू. काळ्या द्रव्याला काळं करणारं आणि या ठिपक्याला निळं दाखवणारं रंगद्रव्य एकाच जातीचं आहे. दोघं भाऊबंदच म्हणायचे.

या ठिपक्यात दोन्ही बाजू मिळून साधारण पन्नास हजार पेशी. सगळ्या मेंदूत पेशी किती? सुमारे ८,६०० कोटी. म्हणजे समुद्रात खसखस. पण या पन्नास हजारांचे तंतू जवळजवळ सगळ्या मेंदूभर पसरलेले आहेत, आणि मेंदूतलं बहुतेक नॉरॲड्रेनलिन इथूनच पुरवलं जातं.

हे नॉरॲड्रेनलिन करतं काय? शाळेतल्या घंटेचा दाखला घेऊ. घंटा गणित शिकवत नाही, भूगोलही शिकवत नाही. पण ती वाजली की पोरं सावरून बसतात, मास्तर खडू उचलतात. घंटाच वाजली नाही तर मास्तर आहेत, पोरं आहेत, पुस्तकं आहेत, आणि तास मात्र सुरू होत नाही. निळा ठिपका ही मेंदूतली घंटा. आपण जागे असतो तेव्हा तो एका मंद ठेक्यात चालू असतो. काही महत्त्वाचं घडलं, कुणी हाक मारली, की तो जोरात ठोका देतो, आणि मेंदूचे निरनिराळे भाग त्या गोष्टीकडे वळतात. गाढ झोपेत तो मंदावतो. स्वप्नांच्या झोपेत तर तो जवळजवळ गप्प होतो. लक्ष देणं, सावध होणं, कष्टाच्या कामाला अंग पुढं करणं, या सगळ्यांत त्याचा हात आहे.

पार्किन्सनमध्ये या घंटेचं काय होतं?

२००३ साली जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ हाइको ब्राक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत रुग्णांचे मेंदू तपासून एक क्रम मांडला. या आजारात पेशींमध्ये अल्फा-सायन्यूक्लीन नावाच्या प्रथिनाच्या गाठी साचतात. लेवी यांनी त्या १९१२ मध्ये प्रथम पाहिल्या, म्हणून त्यांना लेवी पिंड म्हणतात. ब्राक यांच्या मते या गाठी आधी वासाच्या केंद्रात आणि देठाच्या तळाशी दिसतात. दुसऱ्या पायरीवर त्या निळ्या ठिपक्यात येतात. काळ्या द्रव्याची पाळी तिसऱ्या पायरीवर. म्हणजे हात थरथरायला लागतो तेव्हा घंटेला गंज चढून बराच काळ गेलेला असतो. सगळ्याच रुग्णांचे मेंदू हा क्रम पाळत नाहीत, हेही सांगायला हवं. पण निळ्या ठिपक्याची हानी ही किरकोळ बाब नाही, यावर दुमत नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत पार्किन्सनच्या रुग्णांत निळ्या ठिपक्यातल्या पेशींची घट काळ्या द्रव्यातल्या घटीपेक्षा काकणभर जास्तच भरली.

या पेशीच का बळी पडतात? तंतू लांबलचक, फाटे अगणित, अंगावर संरक्षक वेष्टण नाही म्हणण्याजोगं, आणि जागेपणी काम सतत चालू. एवढा पसारा सांभाळायला ऊर्जा पुष्कळ लागते. एकट्या कमावत्यावर पन्नास माणसांचं घर, अशी गत. तो आधी थकला तर नवल नाही.

इथं कुणी चाणाक्ष श्रोता विचारेल : नॉरॲड्रेनलिन डोपामीनपासूनच बनतं ना? मग लेव्होडोपा घेऊन डोपामीन वाढलं, की नॉरॲड्रेनलिनही आपोआप वाढायला हवं. प्रश्न रास्त आहे. दुधाचं दही होतं, पण विरजण लागतं. डोपामीनचं नॉरॲड्रेनलिन करणारं विरजण, म्हणजे ते विकर, निळ्या ठिपक्यासारख्या ठरावीक पेशींतच असतं. त्या पेशीच गेल्या, तर दूध कितीही ओता, दही लागणार कसं? म्हणून गोळीनं हात-पाय सुटतात, आणि माणूस मात्र खुर्चीतच राहतो.

आता घरात दिसणाऱ्या चार गोष्टी घेऊ.

पहिली गोष्ट झोपेची. आमच्या त्या स्नेह्यांच्या पत्नी सांगायच्या की आजार कळण्याच्या आधी कितीतरी वर्षं हे झोपेत ओरडायचे, हात झाडायचे. एकदा तर त्यांना फटकाच बसला. आम्ही सगळे हसलो होतो. स्वप्न पाहताना आपले स्नायू सैल पडलेले असतात, म्हणून स्वप्नात धावणारा माणूस अंथरुणातून धावत नाही. हा लगाम सुटतो तेव्हा माणूस स्वप्न हातापायांनी जगतो. १९८६ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाच्या शेंक आणि महोवाल्ड यांनी या विकाराचं रीतसर वर्णन केलं. त्यांच्या सुरुवातीच्या रुग्णांचा पुढं वर्षानुवर्षं माग ठेवला, तेव्हा २६ पैकी २१ जणांना पार्किन्सन किंवा त्याच्या जवळचा झिजेचा आजार झालेला आढळला. हा लगाम ज्या पेशींच्या हाती असतो त्या निळ्या ठिपक्याच्या अगदी खालच्या अंगाला आहेत. ठिपका तो नव्हे, त्याचा सख्खा शेजारी. एका आळीतली आग.

दुसरी गोष्ट चक्कर. खुर्चीतून उठलं की रक्तदाब खाली येतो आणि डोळ्यांपुढं अंधारी येते. निरोगी माणूस उभा राहतो तेव्हा हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना जाणाऱ्या नसा नॉरॲड्रेनलिन सोडतात, वाहिन्या आवळतात, दाब टिकतो. पार्किन्सनमध्ये पुष्कळांच्या या नसाही झिजतात. रसायन तेच, फक्त ठिकाण मेंदूबाहेरचं. उठायची भीती बसलेल्या माणसाला आपण आळशी म्हणतो, तेव्हा एकदा बसून आणि मग उभं करून रक्तदाब मोजलेला बरा.

तिसरी गोष्ट बाईंनी विचारलेली, औदासीन्य. हे दुःख नव्हे. दुःखी माणसाला काहीतरी टोचत असतं. इथं टोचणंच कमी झालेलं असतं. सगळा दोष निळ्या ठिपक्यावर टाकता येणार नाही. डोपामीन, सिरोटोनिन, ॲसिटिलकोलीन यांचेही वाटे आहेत. पण सुरुवात करायला जी चेतना लागते, तिच्यात या ठिपक्याचा वाटा आहे हे आता बऱ्यापैकी दिसतं आहे. २००६ साली जपानी संशोधकांनी एमआरआयची अशी रीत दाखवली की त्या रंगद्रव्यामुळं जिवंत माणसातही निळा ठिपका उजळ दिसू लागला. त्यामुळं कुणाचा ठिपका किती फिका झालाय आणि त्या माणसाला काय जड जातंय, याची सांगड घालता येऊ लागली.

चौथी गोष्ट सगळ्यात जास्त गैरसमज पसरवणारी. घरी पाय जमिनीला चिकटलेला माणूस आग लागली की धावत बाहेर येतो! गेल्या शतकाच्या आरंभी सूक नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी अशा चमत्कारिक हालचालींची नोंद केली. आणि याच्या उलट, पाहुणे आले, बँकेत सही करायची वेळ आली, की हात दुप्पट थरथरतो. मग घरचे म्हणतात, “मनात आणलं तर जमतं यांना. बाकी सगळी नाटकं.” आग लागल्यावर काय होतं याची पूर्ण उकल झालेली नाही. शिल्लक राहिलेली नॉरॲड्रेनलिनची यंत्रणा एकदम जोरात चेतते, असा एक तर्क आहे. ताणाखाली कंप वाढतो त्यामागंही हीच यंत्रणा असावी. कारण ज्यांच्यात कंप जास्त असतो, त्यांच्यात निळा ठिपका तुलनेनं कमी झिजलेला आढळला आहे. म्हणजे जी घंटा एका वेळी पायांना सोडवते, तीच दुसऱ्या वेळी हात थरथरवते. या दोन्ही वेळी माणसाची इच्छा तेवढीच असते.

आता आम्ही आमच्या अंगणात येतो.

आपल्या न्याय-वैशेषिक परंपरेनं कृतीची साखळी फार नेटकी मांडली आहे. आधी ज्ञान, मग इच्छा, मग प्रयत्न, आणि शेवटी शरीराची चेष्टा, म्हणजे हालचाल. इच्छा आणि प्रयत्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक असली म्हणजे दुसरी असतेच असं नाही, याबद्दल नैयायिकांच्या मनात संशय नव्हता. आपण मात्र रोजच्या बोलण्यात दोन्ही एकाच पोत्यात भरतो. हात हलला नाही की ‘इच्छाच नाही’ असा निकाल देऊन मोकळे होतो. आमचे स्नेही काय म्हणाले होते? घेतलेलं पुढं सरकत नाही. ज्ञान होतं, इच्छा होती, गोळीमुळं चेष्टाही शक्य होती. मधली कडी तुटली होती.

प्रशस्तपादांनी तर प्रयत्नाचे दोन प्रकार केले. एक इच्छा-द्वेषातून येणारा, आणि दुसरा नुसत्या जगण्यातून येणारा. हा दुसरा प्रयत्न आपण झोपलेले असताना श्वास चालू ठेवतो, आणि जाग येताना मनाची इंद्रियांशी गाठ घालून देतो. हे वाचताना आम्ही थबकलो. इच्छेच्या आधी, इच्छेच्या खाली, एक जागवणारा प्रयत्न असतो! याचा अर्थ प्रशस्तपादांना निळा ठिपका ठाऊक होता असा कृपया कुणी काढू नये. त्यांनी मेंदू कापला नव्हता. अनुभवाचं विश्लेषण केलं होतं. आणि एखादा नैयायिक इथं आम्हाला अडवेल की प्रयत्न हा आत्म्याचा गुण आहे, देठातल्या ठिपक्याचा नव्हे. तो वाद मोठा आहे, आज मिटवायचा नाही. आपल्याला त्यांच्याकडून एवढाच भेद उसना घ्यायचा आहे : हवं असणं वेगळं, आणि त्या हव्या असण्याला पाय फुटणं वेगळं.

यावर एक आक्षेप येईल. असं म्हटलं तर माणूस म्हणजे रसायनांची बाहुलीच झाली. मग त्याला काही सांगायचंच नाही का? आमचं उत्तर असं. घंटा क्षीण झाली आहे, पण अनेकांत ती पुरती बंद पडलेली नसते. आतून वाजत नसेल तेव्हा बाहेरून वाजवता येते. जमिनीवर आडव्या पट्ट्या आखल्या तर अडलेला पाय उचलला जातो. ठेका धरला, टाळी दिली, तर चाल सुधारते. व्यायामाची वेळ घड्याळानं ठरवावी, लहरीवर सोडू नये. आपल्याकडच्या स्वमदत गटांत रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. शुभंकरानं घंटा व्हावं, न्यायाधीश होऊ नये.

आणि डॉक्टरांना सांगावं. फक्त कंपाबद्दल नाही. झोपेत हात झाडणं, उठताना अंधारी, हरवलेला उत्साह, हे सगळं सांगावं. उभं राहताना घसरणाऱ्या रक्तदाबावर ड्रॉक्सिडोपा नावाचं औषध जपानमध्ये १९८९ पासून आणि अमेरिकेत २०१४ पासून मान्य आहे. ते विरजणाला वळसा घालून शरीरात थेट नॉरॲड्रेनलिन बनतं. ॲटोमॉक्सेटीन हे दुसरं औषध मेंदूतलं नॉरॲड्रेनलिन जास्त वेळ टिकवतं. नैराश्यावर पार्किन्सनच्या रुग्णांत त्याची चाचणी झाली, तिथं ते अपेक्षेप्रमाणं लागू पडलं नाही. लक्ष आणि संयम यांच्या काही चाचण्यांत मात्र काही रुग्णांना फायदा दिसला. म्हणजे एकच गोळी सगळ्यांना, असं इथं चालणार नाही. झीज थांबवणारं औषध अजून नाही. आणि स्वतःच्या मनानं कुणी काही सुरू किंवा बंद करू नये, हे तत्त्वज्ञानाच्या डॉक्टरनंही सांगायला हरकत नाही.

त्या बाई आज आल्या आहेत, दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. बाई, तुमच्या प्रश्नाचं आमचं उत्तर एवढंच : यजमानांची इच्छा कुठं गेलेली नसावी. तिला निरोप पोचवणारं माणूस आजारी आहे.

आमचे स्नेही आता नाहीत. ‘मनावर घ्या’ हे आमचं वाक्य त्यांच्या त्या खोलीत तसंच राहून गेलं. ते परत घेता आलं नाही. आज पुन्हा ती वेळ आली, तर आम्ही शेजारी खुर्ची ओढून पुस्तकाचं पान उलटू, आणि म्हणू, “चला, दोघं मिळून वाचू. पहिलं वाक्य मी वाचतो.”

इथं थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ या.